रिमॅप म्हणजे नक्की काय?

टर्बो इंजिनाची गाडी ‘रिमॅप’ केली की आत नवी चिप बसते आणि ताकद फुकटात मिळते, असा अनेकांचा समज असतो. सहसा नवा भाग काहीच बसत नाही. बदलते ते ईसीयूमधले (इंजिन चालवणारा संगणक) सॉफ्टवेअर, म्हणजेच टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ.

शिंपी शिवणीत माया ठेवतो. ती उसवली की ब्लाउज सैल होतो, पण कापड वाढत नाही. हलक्या प्रतीचे इंधन, कडक ऊन, लांब चढण यांसाठी कंपनीनेही इंजिनात अशीच माया राखलेली असते. रिमॅप तीच वापरतो.

2013 ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मुळात 220 अश्वशक्तीची. रिमॅपनंतर तिचे क्लच आणि स्पार्क प्लग तेच राहतात, त्यांच्यावरचा भार वाढतो. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणे) टाळायला युरोपात बहुधा 98 ऑक्टेनचे पेट्रोल सुचवतात. जर्मनीत असा बदल तपासून कागदपत्रांत नोंदवावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावा लागतो. सर्व्हिस सेंटरच्या अपडेटने रिमॅप पुसलाही जाऊ शकतो. म्हणून गाडी देताना तो आधीच सांगावा.