छायाचित्रातील अंक आणि शाळेतील उपक्रम

झाशी शहरात बंगरा नावाच्या टेकडीवर एक किल्ला उभा आहे. ओर्छ्याचे राजे वीरसिंहदेव यांनी तो १६१३ साली बांधविला. पुढे तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८५८ साली नेवाळकर घराण्यातील राणी लक्ष्मीबाईंनी तो इंग्रजांविरुद्ध लढविला. या किल्ल्याची व राणीमहालाची छायाचित्रे आज विद्यार्थ्यांस साध्या मोबाइलवर घेता येतात. त्या छायाचित्रांवर संगणकाच्या साहाय्याने संस्कार करून भित्तिपत्रके व तुलनाचित्रे तयार करणे, हा शाळेस शोभेल असा उपक्रम होय. मात्र हे संस्कार म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे अंकांचा एक तक्ता होय. चित्राचे अतिशय बारीक चौकोन कल्पिले जातात. अशा प्रत्येक चौकोनास चित्रबिंदू म्हणतात व त्याची उजळता अंकाने दर्शविली जाते. सामान्यतः ० म्हणजे पूर्ण काळा व २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक असतात. त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ छटा संभवतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बालकाचे छायाचित्र संगणकात उतरविले, तेव्हा त्याच्या प्रत्येक बाजूस १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू होते. आजच्या मोबाइलच्या चित्रात एक कोटीहून अधिक बिंदू असणे नवलाचे नाही.

चित्रावरील संस्कार हे या अंकांचे गणित होय. समजा, एका फिकट झालेल्या जुन्या छायाचित्रात सर्व अंक ९० ते १६० यांच्या दरम्यानच आहेत. ९० च्या जागी ० व १६० च्या जागी २५५ घेऊन मधले अंक त्याच प्रमाणात पसरविले, की काळ्या-पांढऱ्यातील भेद वाढतो आणि तटाचे दगड स्पष्ट दिसू लागतात. याउलट, दोन ढगांचे अंक २२० व २४० असताना उजळता ५० ने वाढविली, तर दोन्ही अंक २५५ वर येऊन थांबतात. त्यांच्यातील भेद नाहीसा होतो आणि चित्र तसेच साठविल्यास तो पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून मूळ चित्र जसेच्या तसे जपून ठेवावे व संस्कार प्रतीवरच करावेत.

या कामी थरांचा फार उपयोग होतो. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे हे थर असतात. तळाशी किल्ल्याचे छायाचित्र, त्यावर बुरुजांची रेखाटने आणि सर्वांत वर नावे, अशी मांडणी केल्यास एक थर बदलूनही बाकीचे अबाधित राहतात. गिम्प हे विनामूल्य साधन संगणकावर उतरवून घेता येते. फोटोपी हे ब्राउझरमध्येच चालते.

हे सामर्थ्य जबाबदारीही आणते. राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून अनेक चित्रे प्रसृत होतात. परंतु निर्विवादपणे त्यांचेच ठरलेले एकही छायाचित्र उपलब्ध नाही. अशा स्थितीत एखाद्या वर्गाने कल्पनेने मुखवटा जोडून, जुनाट रंग देऊन चित्र तयार केले व त्याखाली काही लिहिले नाही, तर काही वर्षांनी तेच पुरावा म्हणून पुढे येण्याचा संभव असतो. डाग काढणे, उजळता सुधारणे ही दुरुस्ती झाली; नसलेली वस्तू घालणे किंवा असलेली वगळणे ही नवनिर्मिती झाली. दोहोंनाही शाळेत स्थान आहे, परंतु त्यांतील भेद पाहणाऱ्यास कळलाच पाहिजे.

यासाठी प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात: मूळ छायाचित्र कोणी व केव्हा घेतले, त्यात कोणते बदल केले आणि कोणता भाग काल्पनिक आहे. काही साधने चित्र दूरच्या संगणकाकडे पाठवितात. म्हणून मुलांचे चेहरे असलेली चित्रे पालकांच्या संमतीवाचून तेथे घालू नयेत. मूळ व संस्कारित चित्र भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यास पाहणाऱ्यास बदल स्वतःच ताडून पाहता येतो.