ग्रंथप्रामाण्य आणि धर्मसंस्था

धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द कोणाचा, ग्रंथाचा की ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेचा, हा वाद ख्रिस्ती जगात फार जुना आहे. मार्टिन ल्यूथरने १५१७ साली जर्मनीत सुरू केलेल्या चळवळीने ग्रंथाचा पक्ष घेतला. उलट ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली ग्रंथाबरोबर परंपराही प्रमाण ठरविली. हाच वाद पुढे एका मराठी विदुषीच्या आयुष्यात उभा राहिला.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या सहवासात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दीक्षेबरोबर आज्ञापालनही ओघानेच येईल, अशी भगिनींची समजूत होती. परंतु १८८५ साली रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांताविषयी आणि ॲथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराविषयी शंका काढल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्याचे प्रत्येक वचन ईश्वराज्ञा म्हणून स्वीकारण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळविले. ज्या समाजात स्त्रीला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला, त्या समाजातून आलेल्या रमाबाईंना हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नव्हता.

धर्मसंस्थेची बाजूही पोकळ नाही. नव्या करारात कोणती पुस्तके असावीत, हा निर्णय ख्रिस्ती मंडळीतच हळूहळू पक्का झाला. आज मान्य असलेल्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी प्रथम आढळते ती ॲथनेशियसच्याच ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे ग्रंथ वाचकाच्या हाती पडतो तो संस्थेच्या हातूनच. शिवाय जो तो आपापला अर्थ लावू लागला तर एकवाक्यता राहणार कशी, हाही प्रश्न उरतोच.

रमाबाईंनी याचे उत्तर पुढे कृतीने दिले. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सामान्य स्त्रीलाही उमजेल अशा साध्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. तेथील छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

भाषांतर हाही एक अर्थनिर्णयच असतो. त्यामुळे मध्यस्थ सर्वस्वी नाहीसा झाला, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या वचनाच्या आधारे आज्ञा दिली जाते, ते वचन स्वतः वाचून पाहण्याची सोय त्या आज्ञा ऐकणाऱ्या स्त्रीला झाली. ग्रंथ की संस्था, हा वाद त्याने मिटला नाही. पण त्या वादात तिलाही बोलता येऊ लागले.