डीझेल बसच्या बॅटऱ्यांची निवड

कोल्हापूरच्या आसमंतांत उसाच्या गुऱ्हाळावर डीझेल इंजिन सुरू करतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या यंत्राचा स्वभाव निराळा समजावून सांगावयास नको. एक माणूस हॅण्डल घालून चाक फिरवूं लागतो. त्याच वेळीं एक लहानशी खिट्टी उचलून धरलेली असते, म्हणून सिलिंडरांतील हवा कोंडून न राहतां सुटते व चाक हलकें फिरतें. चाकानें पुरेसा वेग घेतला कीं खिट्टी सोडतात, हवा एकदम दाबली जाते आणि इंजिन धडधडूं लागतें.

डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली गेली म्हणजे ती ५०० अंश सेल्सियसच्या पलीकडे तापते, आणि त्या तप्त हवेंत उडालेला तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. मात्र हें दाबणें झपाट्यानें व्हावें लागतें. चाक रेंगाळलें तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरून जाते व तेल पेटत नाहीं. बसच्या सहा सिलिंडरांच्या, पांच-सहा लिटरच्या इंजिनास एवढा वेग देणें मनुष्याच्या बाहूंना शक्य नाहीं. तें काम स्टार्टरची मोटर करते, आणि त्या मोटरचें सारें बळ बॅटरींत असतें.

जुन्या बसगाड्यांस नवा जन्म देण्याची कल्पना महाराष्ट्रांत आतां अपरिचित नाहीं. सन २०२० च्या टाळेबंदींत एस. टी. महामंडळानें आपल्या जुन्या गाड्यांचें मालवाहू गाड्यांत रूपांतर केलें. कोठें एखादी संस्था जुन्या बसचा फिरता दवाखाना करते, कोठें एखादें कुटुंब तिच्यांत प्रवासी बिऱ्हाड थाटतें. अशा वेळीं पडदे, बिछाने, कपाटें यांचा विचार आठवडेच्या आठवडे चालतो; बॅटऱ्या मात्र दुकानदार देईल त्या घेतल्या जातात. या निष्काळजीपणाची किंमत ऐन संकटांत मोजावी लागते. सन २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलें कीं इशारा व ४३ फुटांवर गेलें कीं धोका समजतात. नदीकाठच्या वस्तींत उभी असलेली बस हलविण्यास तेवढ्या चार फुटांचाच काय तो अवकाश असतो. त्या घटकेस किल्ली फिरवून नुसताच ‘कट्’ असा आवाज आला, तर आंतील सगळी सजावट व्यर्थ होय.

बॅटरी घेतांना पहिला घोटाळा होतो तो अँपिअर-तासांचा. १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारणतः वीस तासांपर्यंत ५ अँपिअर प्रवाह देणारी बॅटरी. हा तिच्या सांठ्याचा आंकडा झाला, जोराचा नव्हे. इंजिन सुरू करण्यास सांठा किती लागतो, तें पाहावें. समजा, स्टार्टरनें ३०० अँपिअर प्रवाह पांच सेकंद ओढला. त्यांत अर्धा अँपिअर-तासहि खर्च होत नाहीं. म्हणजे या बॅटरीचा शेकडा अर्धा भागसुद्धां नाहीं! मोठ्या हौदांतून एक तांब्याच काढावयाचा, परंतु तो एका क्षणांत काढावयाचा, असें हें काम आहे. हौदाच्या खोलीपेक्षां येथें तोंडाच्या रुंदीस अधिक महत्त्व.

याच कारणास्तव स्टार्टरच्या बॅटरींत शिशाच्या पट्ट्या पातळ व संख्येनें पुष्कळ ठेवतात. त्यामुळें गंधकाम्लास भिडणारा पृष्ठभाग वाढतो व मोठा प्रवाह झटकन मिळतो. तिचा जोर ‘कोल्ड क्रँकिंग’च्या आंकड्यावरून कळतो. उणे १८ अंशांच्या थंडींत ती अल्पकाळ किती अँपिअर देऊं शकते, हें तो आंकडा सांगतो. पन्हाळ्यावर तसली थंडी कधींच पडत नाहीं, हें खरें. तरी एकाच प्रमाणानें मोजलेल्या दोन बॅटऱ्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. इंजिनाच्या कारखानदारानें सांगितलेल्या मापाहून उणी बॅटरी कधींहि घेऊं नये.

दुसरी गोष्ट जोडीची. मोठ्या बसचा स्टार्टर बहुधा २४ व्होल्टांचा असतो व त्यासाठीं १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसरींत जोडतात. तेवढ्याच शक्तीस २४ व्होल्टांवर निम्माच प्रवाह पुरतो आणि त्याच तारेंत होणारी नासाडी चौथ्या हिश्शावर येते. मात्र एकसरींत व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-तास तेवढेच राहतात. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांचे येथें २०० होत नाहींत. दोन्ही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच मापाच्या व एकाच वयाच्या असाव्यात. एक थकली म्हणून तेवढीच बदलली, तर जुनी अर्धपोटी राहते, नवी अति भरली जाते, आणि बैलजोडींतील एक बैल म्हातारा असावा तशी गत होते.

रूपांतर करणारे कारागीर आणखी एक चूक करतात. दिवे, रेडिओ, मोबाइल भरण्याचें यंत्र हें सारें १२ व्होल्टांचें असतें. म्हणून ते जोडींतल्या एकाच बॅटरीवरून तार काढतात. ती बॅटरी रोज रिकामी होते, दुसरी होत नाहीं, आणि दोघींचा तोल कायमचा बिघडतो. २४ चे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर बसविणें हा सरळ मार्ग आहे.

त्याहूनहि उत्तम म्हणजे घराचा संसार निराळा करणें. दिवे, पंखा व औषधांची शीतपेटी मिळून ५ अँपिअर प्रवाह दहा तास घेऊं लागली, तर ५० अँपिअर-तास संपतात; १०० च्या बॅटरीचा अर्धा सांठा एका रात्रींत गेला! पातळ पट्ट्यांच्या बॅटरीस अशी वारंवार खोल उपसणी सोसत नाहीं. या कामास जाड पट्ट्यांची स्वतंत्र बॅटरी हवी, आणि इंजिन चालूं असेल तेव्हांच दोन्ही संच जोडणारा रिले हवा. मग रात्रभर दिवे जळले तरी सकाळीं स्टार्टरची जोडी ताजीतवानी राहते.

आपल्या हवेंत बॅटरीचा खरा शत्रु थंडी नसून उष्णता आहे. तापमान सुमारें दहा अंशांनीं वाढलें कीं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें, असा ठोकताळा आहे. म्हणून बॅटरीची पेटी इंजिनाच्या धगीपासून दूर असावी. ती बिछान्याखालींहि नसावी. कारण भरली जात असतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु सुटतो व एका ठिणगीनें त्याचा स्फोट होतो. पेटी बाहेरच्या अंगास, हवेशीर व घट्ट आवळलेली असावी. पाणी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें. तारा सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें.

खरेदीच्या वेळीं निर्मितीची तारीख पाहावी व व्होल्टमीटर लावावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टांची बॅटरी स्वस्थ असतांना १२.६ च्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे ती अर्धी रिती आहे. स्टार्टर फिरत असतांना जोडीचा दाब १९ व्होल्टांच्या बराच खालीं कोसळला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा टोकें गंजलीं आहेत, असें समजावें. पुष्कळदां नव्या बॅटरीचा खर्च टोकें घासून पुसून घट्ट केल्यानेंच वांचतो.

फिरती गाडी दररोज धांवते, तेव्हां तिच्या बॅटऱ्या आपोआप भरतात. रूपांतरित बस बहुधा पावसाळाभर उभी असते. बॅटरी न वापरतांहि हळूहळू रिती होते, आणि फार काळ रिती राहिली कीं पट्ट्यांवर कठीण क्षार बसून ती कायमची निकामी होते. मेन स्विच बंद ठेवून महिन्यांतून एकदां तिला पूर्ण भरणें एवढेंच काम आहे. परंतु तें ज्येष्ठांत सुरू करावें लागतें. पंचगंगा पात्राबाहेर आल्यावर तें करण्यास सवड मिळत नाहीं.