तीन दानचा जगज्जेता

पोरगं दिवसभर पट मांडून बसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा. दक्षिण कोरियात ‘बादुक’, म्हणजे जग ज्याला ‘गो’ म्हणतं तो खेळ, हा रीतसर पेशा आहे. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवत जास्तीत जास्त प्रदेश घेरायचा. लहानपणापासून त्यात घासलेल्या मुलांपैकी मोजक्यांनाच व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळते. मग पहिल्या दानापासून नवव्यापर्यंत श्रेणी. बुद्धिबळातलं रेटिंग हरलं की घसरतं. दान एकदा मिळालं की मिळालं.

ली सेडोल नैऋत्येकडच्या बिगुम बेटावरचा. १९९५ मध्ये, बाराव्या वर्षी व्यावसायिक झाला. पण बढतीसाठी वेगळ्या स्पर्धा खेळाव्या लागत. त्यांतून खरी ताकद कळत नाही म्हणत त्याने तिकडे फिरकणंच सोडलं. २००२ मध्ये फुजित्सू चषक जिंकून तो आंतरराष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा नावापुढे तीनच दान. साहेबाचं काम, कारकुनाची ग्रेड! शेवटी नियम बदलला, मोठ्या यशावर थेट बढती मिळू लागली आणि २००३ मध्ये काही महिन्यांत तो नवव्या दानावर पोहोचला. बादुक संघटनेशी त्याचं पुढेही जमलं नाहीच. २००९ मध्ये तर तो रुसून रजेवर गेला होता.

पैसा होता. २०१४ मध्ये चीनच्या गू लीशी दहा डावांची लढत झाली: जिंकणाऱ्याला ५० लाख युआन, हरणाऱ्याला प्रवासखर्चादाखल दोन लाख. लीने ती ६-२ अशी जिंकली.

आणि मार्च २०१६, सोल. समोर गूगल डीपमाइंडचा ‘अल्फागो’ प्रोग्राम. पहिले तिन्ही डाव गेले. चौथ्यात पांढऱ्या सोंगट्या घेऊन ली हळूहळू मागे पडत होता. ७८वी चाल त्याने पटाच्या मध्यात, काळ्यांच्या मधोमध पाचर ठोकावी तशी खेळली. माणूस असं खेळण्याची शक्यता यंत्राच्या हिशेबात दहा हजारांत एक. पुढच्याच चालीत यंत्र चुकलं, आणि आपण चुकलो हे त्याला ८७व्या चालीच्या आसपास उमगलं. तो डाव लीचा. लढत ४-१ अशी यंत्राची.

२०१९ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. हरवता येणार नाही असं काहीतरी आता आहे, मग पहिला नंबर मिळवूनही काय उपयोग, हे त्याचं म्हणणं. मला ते रडगाणं वाटत नाही. हुद्द्याला कधीच न भुललेल्या माणसाचा तो हिशेब आहे. निरोपाची लढतही त्याने ‘हानडोल’ या कोरियन प्रोग्रामशीच खेळली. पहिल्या डावात नऊ दानच्या या खेळाडूने दोन सोंगट्यांची सवलत घेतली, तो जिंकला आणि पुढचे दोन हरला. आता तो स्वतः नवे पटावरचे खेळ रचतो आणि उल्सानच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात शिकवतो.