पेटी केली, तरी आवाज का जात नाही?

मागच्या महिन्यात एका छोट्या कारखान्याचे मालक आपल्या कामगाराला घेऊन दवाखान्यात आले. कामगाराचे वय चाळिशीच्या आत, पण दोन्ही कानांत सतत शिट्टी वाजते. तपासणीत उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येत नव्हते. मालक म्हणाले, "डॉक्टर, कॉम्प्रेसरला जाड पत्र्याची पेटी केली आहे. तीस डेसिबल आवाज कमी होईल असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं."

मी ध्वनिमापक घेऊन गेलो. पेटी उघडी असताना कामगाराच्या जागेवर 100 डेसिबल, बंद केल्यावर 88. कमी झाले फक्त 12.

विकणारा अगदीच खोटे बोलला नव्हता. त्याचा आकडा पत्र्याचा होता, पेटीचा नव्हे. 30 डेसिबल रोखणारा पत्रा हजारातला एक भाग आवाज बाहेर सोडतो. पण दाराभोवतीची फट, पाइपचे भोक, हवेची जाळी मिळून पेटीचा शंभरावा भाग उघडा होता. तेवढ्यातून हजारातले दहा भाग निसटतात. एकूण अकरा, म्हणजे घट जेमतेम 20 डेसिबल. पत्रा कितीही जाड केला तरी ते दहा भाग तसेच राहतात! शिवाय आत कोरा पत्रा. त्यावर आवाज आपटून आतल्या आत साठतो आणि घट आणखी खाली येते. म्हणून पेटी घेताना पत्र्याचा नव्हे, तयार पेटीचा आकडा विचारावा.

फटी बुजवायच्या म्हणून हवा मात्र कोंडू नये, यंत्र तापते. हवेची वाट आतून ग्लासवूल लावलेल्या वाकड्या नळीतून काढावी. हवा वळते, आवाज वाटेत जिरतो. यंत्राखाली रबर हवे, नाहीतर हादरे पेटीलाच घुमवतात.

अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार आठ तासांसाठी मर्यादा 85 डेसिबल आहे. 88 ला ती चारच तास. आमचा कामगार तिथे आठ तास उभा असे.

मालकांनी दाराला रबरी पट्टी, आत ग्लासवूल आणि वाकडी नळी बसवली. आता मापक 79 दाखवतो. कामगाराच्या कानातल्या मेलेल्या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. त्याला मी श्रवणयंत्र सुचवले आहे.