रसग्रहण पाच गुणांचे

पनवेल या एका नावाखाली आज दोन गावे नांदत आहेत. एक, १८५२ साली नगरपालिका लाभलेले, जुन्या वाड्यांचे आणि बाजारपेठेचे. दुसरे, १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर रेल्वेरुळांच्या पलीकडे आणि खारघर-कामोठ्याच्या अंगाने उभे राहिलेले. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि दोहोंचा कारभार एक झाला. शाळेच्या वर्गात मात्र ही दोन गावे अद्याप वेगळीच आहेत, आणि त्यांच्यातील सीमारेषा सर्वांत स्पष्ट दिसते ती इंग्रजीच्या तासाला.

इंग्रजी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी ही प्रथम भाषा. त्याच्यासाठी २०१८ मध्ये दहावीचे जे ‘कुमारभारती’ तयार झाले, त्यात शेक्सपिअरने रंगविलेल्या माणसाच्या सात अवस्था आहेत, कीट्स आहे, रवींद्रनाथ आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी ही तृतीय भाषा. त्याच्या हाती आलेल्या ‘माय इंग्लिश कोर्सबुक’मध्येही कविता आहेत; परंतु त्या पुस्तकाचा मुख्य भर संभाषण, लेखन, व्याकरण अशा भाषिक कौशल्यांवर आहे. व्यवहारदृष्ट्या ही विभागणी समर्थनीय ठरेल. तथापि तिच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की, अभिजात साहित्य हे ज्यांना इंग्रजी येते त्यांचे. इतरांना नोकरीचा अर्ज लिहिता आला म्हणजे पुरे. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गंमत अशी, की ज्याच्या वाट्याला शेक्सपिअर येतो, त्याच्याही हाती तो लागतोच असे नाही. कविता कोणतीही असो, तिचा प्रवास परीक्षेतील पाच गुणांच्या रसग्रहणापाशी संपतो. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, असे मुद्दे ठरलेले असतात आणि रेशनकार्डाच्या अर्जातील रकाने भरावेत तसे ते भरायचे असतात. ‘ही कविता मला का आवडली’ या मुद्द्याचे उत्तरही बाजारातील मार्गदर्शकात तयार मिळते. म्हणजे आवडण्याचे कारणदेखील पाठ करावयाचे! मूळ कविता न वाचता पूर्ण गुण मिळविणे या पद्धतीत अशक्य नाही. याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भरगच्च वर्ग, वेळेत संपवावयाचा ‘पोर्शन’ आणि राज्यभर एकसारखी व्हावयास हवी अशी उत्तरपत्रिकांची तपासणी, या तिहेरी कात्रीत तो सापडलेला असतो. जे मोजता येते तेच शिकविले जाते, हा परीक्षेचा नियम आहे.

वास्तविक या महाराष्ट्रात इंग्रजीच्या तासाने एके काळी फार मोठे काम केलेले आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ हे मराठी रूप दिले. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ मध्ये मॅट्रिक झालेले केशवसुत पुढे शाळामास्तर झाले. इंग्रजी कवितेचा चौदा ओळींचा साचा त्यांनी मराठीत आणला आणि सुनीत जन्मास आले. शिरवाडकरांनी १९७० मध्ये ‘नटसम्राट’ दिले, त्यामागे ‘किंग लिअर’ उभा होता. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी तोच लिअर चार वर्षांनी मराठीत आणला. या मंडळींनी इंग्रजी साहित्य परीक्षेपुरते वाचले नाही. ते आपल्या भाषेत परत आणण्यासाठी वाचले. मराठीशी वैर धरून इंग्रजी शिकावे लागते, ही समजूत त्यांच्या उदाहरणाने केव्हाच खोटी ठरली आहे.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा, की हे साहित्य मेकॉलेच्या वाटेने आले. ते खरे आहे. परंतु ज्या वाटेने ते आले, त्याच वाटेने आगरकरांची सुधारणाही आली. दुसरा उपयुक्ततेचा: मुलाखतीत कीट्स कोण विचारतो? कोणीही नाही. पण ज्याने एक अवघड कविता धीराने उलगडली आहे, त्याला सरकारी परिपत्रक किंवा बँकेचा करारनामा भिववीत नाही. भाषेची भीती सोपे वाचून जात नाही. अवघड वाचून जाते. तिसरा आक्षेप दुरावा हा: खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या मुलाला इंग्लंडातल्या राजाचे काय?

याचे उत्तर पनवेल तालुक्यातच आहे. लिअर ही आपले राज्य मुलींत वाटून देऊन बेघर झालेल्या म्हाताऱ्याची कथा आहे. ज्या भूमीतील शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या, ज्यांच्यासाठी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि जेथे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाटणी हा घराघरांतील विषय झाला, तेथील मुलाला लिअर समजावून सांगावा लागेल काय? मोठ्या मासळीशी झुंजणारा हेमिंग्वेचा म्हातारा पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणला. तो इमारतीतल्या मुलापेक्षा होडीवर वाढलेल्या मुलाला लवकर ओळखीचा वाटेल. दुरावा साहित्यात नसून शिकविण्याच्या रीतीत आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. कविता प्रथम मोठ्याने, दोनदा, अर्थ न सांगता वाचली जावी. कान हे कवितेचे पहिले दार आहे. जेथे मराठी अनुवाद वा रूपांतर उपलब्ध असेल, तेथे ते शेजारी ठेवावे, आणि मराठीच्या व इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षातून चार तास तरी एकत्र घ्यावेत. रसग्रहणाच्या पाच गुणांपैकी दोन गुण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या, प्रसंगी चुकीच्या इंग्रजीतल्या, पण स्वतःच्याच म्हणण्याला द्यावेत. तपासणीस ते अवघड जाईल हे उघड आहे. परंतु तपासणीची सोय हे शिक्षणाचे ध्येय असू शकत नाही.

पनवेलात वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. शिरढोणच्या या सुपुत्राच्या नावाखालील त्या रंगमंचावर दोन्ही पनवेलांतील मुलांनी मिळून अर्धा लिअर इंग्रजीत आणि अर्धा ‘नटसम्राट’ मराठीत सादर केला, तर कोण कोणत्या माध्यमाचा, हे प्रेक्षकांना विचारावेसेही वाटणार नाही. अभिजात साहित्य कोणत्याही एका माध्यमाच्या मालकीचे नसते. ते मुलांना द्यावयाचे की पाच रकान्यांत कोंडावयाचे, एवढाच प्रश्न आहे.