फोनच्या काचेवरची बाग

संध्याकाळची वेळ आठवा. आई भाजी चिरते आहे, कानाने तुमचे पाढे ऐकते आहे आणि त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्याही मोजते आहे. तिसरी शिट्टी झाली की तिचा हात बरोबर गॅसकडे जातो. कुकरकडे तिने एकदाही टक लावून पाहिलेलं नसतं! गच्चीवरची टाकी भरली की पाणी पडल्याचा आवाज येतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘‘अरे, मोटर बंद करा!’’ जुन्या इमारतीच्या शेंड्यावर पत्र्याचा कोंबडा असतो ना, वातकुक्कुट? तोही गुपचूप वाऱ्याची दिशा सांगतो. ही सगळी मंडळी आपल्याला बातमी देतात, पण ‘माझ्याकडे बघ, माझ्याकडेच बघ’ असा हट्ट धरत नाहीत.

आणि आपला मोबाइल? तो किणकिणतो, थरथरतो, कोपऱ्यात लाल आकडे दाखवतो. अगदी हट्टी बाळ! मग या फोनला कुकरसारखं वागायला शिकवता येईल का, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. गंमत म्हणजे त्यांनी फोनला सांगायला लावली ती बातमी बाहेरची नव्हतीच. ती होती फोनच्या मालकाची स्वतःची! आपण काय करतो, किती करतो, कुणाशी बोलतो याची.

याची सुरुवात एका दोरीपासून झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये एक प्रयोगशाळा काढली. तिथे मार्क वायझर नावाचे शास्त्रज्ञ होते. ‘उत्तम यंत्र ते, जे आपलं लक्ष कमीत कमी मागतं’ असं त्यांचं मत होतं. १९९५ च्या सुमाराला नॅटली जेरेमायजेन्को या कलाकार बाईंनी तिथल्या छताला एक छोटी मोटर बसवली आणि तिला आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली. मोटर जोडली होती संगणकांच्या जाळ्याच्या तारेला. तारेतून माहिती जाऊ लागली की दोरीला हिसका बसे. फार माहिती वाहू लागली की दोरी वेड्यासारखी गरगरे आणि तिचा घुंई घुंई आवाज येई. सगळं शांत असलं की काही सेकंदांनी एखादाच हिसका. आपापल्या खोलीत बसलेल्या माणसांना मान वर न करताही कळे, की आज तारेवर गर्दी आहे! अशा वस्तूंना ‘अॅम्बियंट डिस्प्ले’ म्हणतात. अॅम्बियंट म्हणजे आपल्या अवतीभवती असलेलं.

दोरीनंतर आली बाग. १९९९ मध्ये एमआयटी या नामवंत संस्थेत रिबेका शिऑंग आणि जुडिथ डोनाथ या दोघींनी ‘पीपल गार्डन’ तयार केलं. संगणकावर गप्पा मारणाऱ्या गटातला प्रत्येक माणूस म्हणजे एक फूल. त्याने एक निरोप लिहिला की फुलाला एक पाकळी. निरोप जुना होत गेला की पाकळीचा रंग फिका. गटात जितके दिवस जास्त, तितका देठ उंच. बागेकडे एक नजर टाकली तरी कळायचं, इथे सगळे मिळून बोलतात की एकच सूर्यफूल सगळी जागा खाऊन बसलंय! (आपल्या वर्गाची अशी बाग केली तर कोण सूर्यफूल होईल, हे मी सांगायला नको.)

पुढे ही बाग मोबाइलच्या काचेवर उगवली. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि इंटेल कंपनीच्या सिॲटलमधल्या संशोधकांनी ‘युबिफिट’ नावाचा प्रयोग केला. त्यात व्यायाम केला की फोनच्या वॉलपेपरवर फूल उमलायचं. वेगळ्या व्यायामाला वेगळं फूल. आठवड्याचं ठरवलेलं पुरं झालं की फुलपाखरू! २८ माणसांवर तीन महिने झालेल्या एका चाचणीची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या फोनवर बाग होती त्यांचा व्यायाम टिकला, ज्यांच्या फोनवर नव्हती त्यांचा कमी होत गेला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. व्यायाम केला नाही तरी बाग जळून जात नसे. हिरवं गवत तसंच राही, फक्त फुलं नसत. ओरडा नाही, छडी नाही. पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनीही हे वाचावं असं वाटतं!

आता व्यायामाच्या जागी बोलणं ठेवा. फोनमध्ये एक नोंदवही असतेच, तिला कॉल लॉग म्हणतात. कोणता नंबर, फोन आला की केला की नुसताच वाजला, किती वाजता, किती सेकंद बोलणं झालं, हे सगळं तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. पण अशा तीनशे ओळी वाचून काही उमजत नाही. म्हणून प्रोग्रॅम बेरीज करतो आणि बेरजेचं चित्र करतो. समजा, आठवड्यात मामाशी चार आणि सहा अशी दहा मिनिटं बोलणं झालं, तर मामाचं झाड दहा पानांचं. बोलून जितके दिवस झाले, तितकं ते झाड पडद्याच्या कडेला. वेळ पाहायला फोन उचलला की बाग दिसणारच. वॉलपेपरचा हाच तर फायदा!

गुगलने असाच एक साधा खेळ २०२० मध्ये आणला होता, ‘ॲक्टिव्हिटी बबल्स’. फोनचं कुलूप उघडलं की वॉलपेपरवर एक बुडबुडा. फोन बघत बसाल तितका तो फुगत जाणार! दिवसभर फोन उघडणाऱ्याचा पडदा बुडबुड्यांनी भरून जायचा.

पण हुशार मुलांनी इथे शंका काढायला हवी. ज्या घरात आजी शेजारच्या खोलीतच राहते, तिथे आजीला फोन कोण करणार? म्हणजे तिचं झाड बागेच्या पार कडेला! आणि गॅस सिलिंडरची चौकशी करताना अर्धा तास फोन धरून ठेवला, तर ते झाड होणार वडाएवढं! व्हॉट्सअॅपवरून केलेल्या गप्पांची नोंद तर वेगळ्याच वहीत. मिनिटं मोजता येतात, माया नाही.

दुसरी शंका त्याहून मोठी. ही वही कुणी वाचायची? कोण कुणाशी केव्हा बोलतं, हे घरातलं गुपितच की. म्हणूनच २०१९ पासून गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरच्या अॅपांना बंधन घातलं. मुख्यतः फोन लावण्याचं काम करणाऱ्या अॅपसारख्या मोजक्या अॅपांनाच ही वही वाचता येते. एखादा खेळ किंवा विजेरीचं अॅप तुमच्या फोनच्या नोंदी मागू लागलं, तर सरळ ‘नाही’ म्हणा. बागेचा फायदा इथेही आहे. झाडांवर नावं नसली, तर बसमध्ये शेजारी बसलेल्याला नुसती बाग दिसते. कुठलं झाड कुणाचं, ते मालकालाच ठाऊक.

माझ्या चौथीच्या वर्गाने ही बाग कागदावर केली. त्याला लागतं काय? एक पुठ्ठा आणि टिकल्यांची दोन पाकिटं, लाल आणि हिरवी. घरातल्या मोठ्यांची परवानगी घेऊन घरच्या एका फोनची सात दिवस नोंद ठेवायची. मधोमध घराचं चित्र, भोवती नातेवाइकांची वर्तुळं. आपण फोन केला तर हिरवी टिकली, त्यांनी केला तर लाल. एका मिनिटाच्या आतलं बोलणं असेल तर लहान टिकली, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सगळ्यात मोठी.

सात दिवसांनी पुठ्ठे भिंतीला लावले. एका मुलीच्या पुठ्ठ्यावर गावच्या आजीचं वर्तुळ चांगलं भरलेलं होतं, पण सगळ्या टिकल्या लाल! हिरवी एकही नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाई, आजीच करते सारखी. आम्ही नाहीच केला.’’ दुसऱ्या दिवशी तिने एक हिरवी टिकली आणली आणि विचारलं, ‘‘आठवडा संपला, तरी चालेल का?’’ चालवून घेतली!

मिस्ड कॉलचं मात्र अडलं होतं. ‘पोचलो’ एवढं सांगायला एक रिंग देऊन फोन ठेवून द्यायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती. त्यात बोलणं शून्य सेकंद, पण निरोप पूर्ण! त्याला कुठली टिकली? वर्गात यावर जोरदार वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने कात्री मागून घेतली आणि टिकली मधोमध कापली. अर्धी चिकटवली, आणि उरलेली अर्धी पुढच्या मिस्ड कॉलसाठी कंपासपेटीच्या झाकणाला लावून ठेवली.